‘८५ टक्के झालं’ म्हणजे नक्की काय झालं? परसेंट कम्प्लीट आणि वेटेड माइलस्टोन यातला फरक

अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे प्रोजेक्टचं झालेलं काम आणि खर्च प्लॅनशी ताडून बघायची पद्धत, तिचे फॉर्म्युले कोणालाच जड जात नाहीत. आजपर्यंत किती काम व्हायला हवं होतं ती प्लॅन्ड व्हॅल्यू म्हणजे पीव्ही, प्रत्यक्षात जेवढं झालं ती अर्न्ड व्हॅल्यू म्हणजे ईव्ही, दोन्ही बजेटच्या आकड्यात, आणि त्यासाठी खरोखर जो खर्च पडला तो ॲक्च्युअल कॉस्ट म्हणजे एसी. ईव्ही भागिले पीव्ही केलं की एसपीआय (शेड्यूलचा निर्देशांक), ईव्ही भागिले एसी केलं की सीपीआय (खर्चाचा निर्देशांक), १ च्या खाली गेलं की काम मागे किंवा खर्च जास्त, झालं. खरा घोळ त्याच्या आधी असतो, की "किती झालं" हा आकडा आणायचा कुठून, आणि इथेच दोन पद्धती लोक सर्रास एकमेकींत मिसळतात, परसेंट कम्प्लीट आणि वेटेड माइलस्टोन. दोन्हींतून शेवटी टक्केवारीच बाहेर पडते त्यामुळे रिपोर्टमध्ये दोघी सारख्याच दिसतात, पण त्या टक्क्यामागे काय उभं आहे ते अगदी वेगळं आहे.

परसेंट कम्प्लीटमध्ये काम सांभाळणारा माणूस सांगतो की एवढे टक्के झालं, आणि त्या टक्क्याला बजेटने गुणलं की ईव्ही. वेटेड माइलस्टोनमध्ये काम सुरू व्हायच्या आधीच पायऱ्या ठरलेल्या असतात, प्रत्येक पायरीला वजन दिलेलं असतं, पायरी पूर्ण झाली की तेवढं क्रेडिट, नाही झाली तर शून्य. म्हणजे पहिल्या पद्धतीत आपण माणसाला विचारतो "किती झालं असं वाटतं", दुसरीत विचारतो "ही गोष्ट झाली की नाही", आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही.

आता एक काम घेऊन बघू म्हणजे नीट कळेल. पाइपिंगचं एक वर्क पॅकेज आहे, म्हणजे स्वतःचं बजेट आणि मुदत असलेला कामाचा एक तुकडा, बजेट ४०० मॅन-अवर, मुदत ८ आठवडे. पायऱ्या अशा की ड्रॉइंग मंजूर झालं की १० टक्के, पाइप आले, तपासले, कापून तयार झाले की १५, फिट-अप (वेल्डिंगआधी पाइप जुळवून बसवणं) झालं की २५, वेल्डिंग होऊन एक्स-रे पास झाला की ३०, हायड्रोटेस्ट (दाबाने पाणी भरून गळती तपासणं) पास झाली की १५ आणि हँडओव्हरला उरलेले ५. तासांत म्हटलं तर ४०, ६०, १००, १२०, ६०, २०. (प्रत्यक्षात फिट-अप आणि वेल्डिंग बरोबरच चालतं, इथे हिशोब सोपा राहावा म्हणून एकामागून एक धरलंय.)

सहावा आठवडा संपलाय, ३६० तास खर्च झालेत. फिट-अपपर्यंत सगळं पूर्ण आहे, वेल्डिंग चालू आहे. सुपरवायझर म्हणतो ८५ टक्के झालं. परसेंट कम्प्लीटने ईव्ही येते ३४०, सीपीआय ०.९४, आणि बजेटला सीपीआयने भागलं तर काम साधारण ४२४ तासांत संपेल असं दिसतं, म्हणजे थोडंसं वर जाईल, काळजीचं कारण नाही. आता हेच वेटेड माइलस्टोनने बघा. वेल्डिंगची पायरी पूर्ण नाही त्यामुळे तिचं क्रेडिट शून्य, ईव्ही २००, सीपीआय ०.५६, आणि अंदाज थेट ७२० तासांवर. काम तेच, दिवस तोच, खर्च झालेले तास तेच, आणि दोन अंदाजांत जवळजवळ ३०० तासांची तफावत!

मग खरं कोणतं? जागेवर जाऊन जॉइंट मोजले तर ६० पैकी ३६ जॉइंट वेल्ड होऊन एक्स-रे पास झालेत. वेल्डिंगच्या १२० तासांपैकी ७२ तासांचं क्रेडिट द्यायला हरकत नाही, म्हणजे ईव्ही २७२, सीपीआय ०.७६ च्या आसपास, आणि अंदाज ५२९ तास. म्हणजे सुपरवायझरचा आकडा फार गोड होता आणि माइलस्टोनचा आकडा फार कडू. पण एक गोष्ट लक्षात घ्या, माइलस्टोनचा आकडा चुकला तो पायरी मोठी ठेवली म्हणून, ते प्लॅनिंगच्या वेळी दुरुस्त करता येतं. वेल्डिंगच्या दोन पायऱ्या केल्या असत्या, निम्मे जॉइंट पास आणि सगळे जॉइंट पास, तर ६० तासांचं क्रेडिट मिळून ईव्ही २६० आली असती, खऱ्याच्या बरीच जवळ. सुपरवायझरचा आकडा मात्र का चुकला हे शोधायला कागदावर काहीच नसतं.

(जॉइंट नुसते मोजणंही पुरत नाही खरं तर, २ इंची आणि २४ इंची जॉइंट एकसारखे कसे धरणार, म्हणून पाइपिंगवाले इंच-डाया मोजतात, जॉइंटची संख्या गुणिले पाइपचा व्यास. सगळे जॉइंट एकाच साइजचे असतील तरच वरचा हिशोब जसाच्या तसा चालतो.)

मी प्लॅनिंगमध्ये नवीन होतो तेव्हा दर आठवड्याला एका कामाचा आकडा फोनवर विचारून घ्यायचो. ८०, मग ८८, मग ९२, ९४, ९५, पुन्हा ९५. मी तो इमानदारीत शीटमध्ये भरत होतो, कर्व्ह छान दिसत होता, आणि शेवटच्या ५ टक्क्यांना जवळजवळ अर्ध्या कामाएवढा वेळ लागला. सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता हे मला आजही ठामपणे वाटतं, त्याच्या डोळ्यासमोर झालेलं काम होतं, टेस्टिंग, दुरुस्त्या, सह्या, कागदपत्रं ही त्याला "काम" वाटतच नव्हती. परसेंट कम्प्लीटची खरी अडचण ही आहे, माणूस दिसणारं काम मोजतो आणि शेवटाला जे उरतं ते बहुतेक दिसत नाही. वेटेड माइलस्टोनमध्ये हायड्रोटेस्टचे १५ टक्के आधीच बाजूला काढून ठेवलेले असतात, टेस्ट पास होईपर्यंत त्यांना कोणी हात लावू शकत नाही.

याचा अर्थ परसेंट कम्प्लीट टाकाऊ आहे असा काढू नका. त्याच्यामागे मोजता येणारा आधार असेल तर ती चांगली पद्धत आहे. अर्न्ड व्हॅल्यू काटेकोर वापरणाऱ्या मोठ्या प्रोजेक्टवर याला क्यूबीडी म्हणतात, क्वांटिफायेबल बॅकअप डेटा, म्हणजे टक्का सांगितलास तर तो कशावरून ते दाखव, किती ड्रॉइंग निघाली, किती मीटर केबल ओढली, किती टेस्ट केस पास झाल्या. हे मागायला सुरुवात केली की परसेंट कम्प्लीट हळूहळू मोजमापाकडे सरकतं आणि माइलस्टोनसारखंच वागायला लागतं, आणि मला वाटतं गोंधळाचं एक कारण हेही आहे.

दुसरं कारण सॉफ्टवेअर. प्रायमावेरा पी६ मध्ये ॲक्टिव्हिटीला परसेंट कम्प्लीटचे तीन प्रकार देता येतात, ड्युरेशन, युनिट्स आणि फिजिकल. आणि ॲक्टिव्हिटीला स्टेप्स जोडून, प्रत्येक स्टेपला वजन देऊन, त्यावरून फिजिकल टक्का आपोआप काढायचीही सोय आहे. म्हणजे तुम्ही वेटेड माइलस्टोनसारखंच काम करत असता पण कॉलमचं नाव मात्र फिजिकल परसेंट कम्प्लीट! नवीन माणसाने गोंधळायचं नाही तर काय करायचं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तर आणखी सांभाळायला लागतं, तिथला साधा परसेंट कम्प्लीट हा ड्युरेशनवर चालतो, आणि अर्न्ड व्हॅल्यूचा हिशोब तुम्ही सेटिंग बदललं नाही तर त्याच्यावरच होतो. १० दिवसांच्या कामातले ५ दिवस भरले की ५० टक्के, मग त्या ५ दिवसांत काम झालं असो वा नसो. ईव्हीसाठी फिजिकल परसेंट कम्प्लीट वापरायचा पर्याय आहे, तो निवडायचा आणि तो आकडा स्वतः भरायचा. दिवस किती गेले, तास किती खर्च झाले आणि काम किती झालं हे तीन वेगळे टक्के आहेत आणि ईव्हीला फक्त तिसरा चालतो. तास खर्च झाल्याचा टक्का ईव्ही म्हणून टाकला तर सीपीआय कायम १ च्या आसपास येणार, आणि मग हा सगळा खटाटोप केलाच कशाला.

आता वेटेड माइलस्टोनमधली चूक सांगतो, जी मी इतक्या वेळा बघितली आहे की आता कुठलाही रिपोर्ट हातात आला की आधी तेच तपासतो. पीव्ही एका पद्धतीने पसरवायची आणि ईव्ही दुसऱ्या पद्धतीने मोजायची. वरचंच पॅकेज घ्या. ४०० तास ८ आठवड्यांत सरळ वाटले तर आठवड्याला ५० तास पीव्ही. पायऱ्यांच्या तारखा मात्र अशा की ड्रॉइंग पहिल्या आठवड्याअखेर, पाइप तिसऱ्या, फिट-अप चौथ्या, वेल्डिंग सहाव्या, टेस्ट सातव्या, हँडओव्हर आठव्या. समजा काम अगदी तारखेबरहुकूम चाललंय, एक दिवसही उशीर नाही. दुसऱ्या आठवड्याअखेर सरळ रेषेची पीव्ही १०० आणि ईव्ही फक्त ड्रॉइंगची ४०, एसपीआय ०.४०. मीटिंगमध्ये आरडाओरडा. पाचव्या आठवड्याअखेर पीव्ही २५० आणि ईव्ही २००, एसपीआय ०.८०, पुन्हा तेच. सहाव्या आठवड्याअखेर ईव्ही ३२०, पीव्ही ३००, आणि अचानक काम प्लॅनच्या पुढे! यातलं काहीच खरं नाही, काम वेळेवरच होतं. पीव्हीपण त्याच पायऱ्यांवर, त्याच तारखांना टाकली असती तर प्रत्येक आठवड्याला एसपीआय बरोबर १ आला असता. ज्या पद्धतीने कमवणार त्याच पद्धतीने प्लॅन करा, माइलस्टोन वापरायचे असतील तर हे आधी करा, बाकीचं नंतर.

वजनं ठरवतानाही सांभाळायला लागतं. काम करणाऱ्याला साहजिकच सुरुवातीच्या पायऱ्यांना जास्त वजन हवं असतं, विशेषतः क्रेडिटवर बिल निघत असेल तर. मटेरियल आलं की ४० टक्के, असं लिहिलेलं मी पाहिलंय, म्हणजे ट्रक खाली झाला की जवळजवळ निम्मं काम "झालं", आणि एकही जॉइंट वेल्ड झालेला नाही. मटेरियलची किंमत मोठी असते हे खरंच आहे, पण ती वेगळ्या ओळीत धरावी आणि मेहनतीची वजनं मेहनतीच्या तासांवरून काढावीत. आणि पायरी अशी लिहावी की वाद घालायला जागाच राहू नये. "वेल्डिंग पूर्ण" असं लिहिलं की दर आठवड्याला चर्चा होणार, "सगळ्या जॉइंटचे एक्स-रे रिपोर्ट स्वीकारले गेले" असं लिहिलं की कागद आहे का नाही एवढंच बघायचं.

पायऱ्या किती ठेवायच्या याला एक साधा अंदाज आहे, प्रत्येक रिपोर्टिंगच्या काळात निदान एक तरी पायरी यावी. महिन्याला रिपोर्ट करत असाल तर महिन्याला एक, आठवड्याला करत असाल तर आठवड्याला एक. मध्ये रिकामा काळ राहिला की ईव्ही सपाट आणि एसी चढती, सीपीआय विनाकारण पडतो. आमच्या उदाहरणात दुसरा आणि पाचवा आठवडा रिकामाच आहे, नीट प्लॅन केलं असतं तर तिथेही एकेक पायरी टाकायला हवी होती. आणि काम इतकं छोटं असेल की एकदोन रिपोर्टमध्येच संपतंय तर दोन्ही पद्धती सोडून द्या, संपल्यावर पूर्ण क्रेडिट म्हणजे ०/१००, किंवा सुरू झाल्यावर अर्धं आणि संपल्यावर अर्धं म्हणजे ५०/५०, एवढं पुरतं. प्रोजेक्ट ऑफिसच्या देखरेखीसारखं काम, ज्यातून मोजण्यासारखं काही बाहेरच पडत नाही, तिथे लेव्हल ऑफ एफर्ट लावतात, त्यात ईव्ही आपोआप पीव्हीएवढी धरली जाते त्यामुळे शेड्यूलचा फरक कधीच दिसत नाही, म्हणून ते थोडंच आणि वेगळं ठेवलेलं बरं.

हा सगळा विचार नवा नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ साली कंत्राटदारांच्या खर्च आणि शेड्यूलच्या नियंत्रणासाठी ३५ निकष घालून दिले तेव्हा ईव्हीला बीसीडब्ल्यूपी म्हणायचे, झालेल्या कामाची बजेटमधली किंमत, आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच नाव येतं. १९९८ मध्ये एएनएसआय/ईआयए-७४८ हे अर्न्ड व्हॅल्यूचं अमेरिकन स्टँडर्ड आलं त्यात ३२ गाइडलाइन्स होत्या. अमुकच पद्धत वापरा असं त्यात सांगितलेलं नाही, प्रगती मोजायला वस्तू, माइलस्टोन किंवा तसलं काही वस्तुनिष्ठ ठरवा एवढं मात्र सांगितलंय.

एक प्रश्न हमखास येतो, की क्रेडिट दिल्यानंतर काम परत करायला लागलं तर? समजा हायड्रोटेस्टमध्ये जॉइंट गळला. परसेंट कम्प्लीटवाल्याला आता ९० वरून ८० वर यायला लागतं, आणि कोणालाच आपला आकडा मागे घ्यायला आवडत नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळा ९० वरच थांबून राहतो आणि शेड्यूल आतल्या आत सरकत जातं. माइलस्टोनमध्ये वेल्डिंगची पायरी एक्स-रे पास झाल्यावर प्रामाणिकपणे घेतलेली असेल तर मी ती काढून घेत नाही, टेस्टचे ६० तास अजून मिळालेले नाहीत, दुरुस्तीचे तास एसीमध्ये चढत राहतात आणि सीपीआय खाली येतो, जे झालं ते तिथेच दिसतं. पण एक्स-रे रिपोर्ट हातात यायच्या आधीच पायरी टिक केली होती असं निघालं तर ते क्रेडिट त्याच आठवड्यात परत घ्यायचं, आणि रिपोर्टमध्ये एका ओळीत कारण लिहायचं.