आधी राज्यांच्या घटना, मग देशाची

अमेरिकेची राज्यघटना म्हटलं की आपल्याला ती जिथे १७८७ मध्ये लिहिली गेली ते फिलाडेल्फिया शहर आठवतं. पण बहुतेक राज्यांनी १७७६ पासूनच आपापल्या घटना लिहायला घेतल्या होत्या, आणि देशाच्या घटनेचा सराव तिथेच झाला.

ब्रिटनच्या राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा जाच ताजा होता. पेनसिल्व्हेनियाने तर गव्हर्नरपदच ठेवलं नाही. एकच सभागृह, दरवर्षी निवडणूक आणि कारभाराला बारा जणांचं मंडळ. या सभागृहाला आवर घालणारं कुणी उरलं नाही. शेवटी १७९० मध्ये दुसरं सभागृह आलं, गव्हर्नरही आला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड या लहानशा गावाची सभा. ऑक्टोबर १७७६. विधिमंडळाने गावांना विचारलं होतं, घटना आम्हीच करू का? कॉन्कर्डने नाही म्हटलं. घटना हवी ती सत्तेपासून आपले हक्क राखायला. ती करणारं विधिमंडळच उद्या ती बदलू शकत असेल, तर राखण कसली? त्यासाठी वेगळी सभा निवडा. विधिमंडळाने तरीही मसुदा केला, तो १७७८ मध्ये गावांनी फेटाळला. मग खास निवडलेली घटनासभा बसली, जॉन अ‍ॅडम्स यांनी मसुदा लिहिला, गावोगाव चर्चा होऊन मतं पडली आणि १७८० मध्ये घटना लागू झाली. दुरुस्त्यांसह ती आजही चालू आहे. तिच्यात गव्हर्नरला नकाराधिकार होता, पण दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून काढता येई. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार त्याच घडणीचा आहे.

देशाचा कारभार मात्र रखडत होता. राज्यांना एकत्र बांधणाऱ्या १७८१ च्या करारानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर लावता येत नसे. राज्यांपुढे हात पसरावा लागे. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडायला आयातीवर ५ टक्के शुल्क सुचवलं गेलं. करार बदलायला तेराही राज्यांचा होकार हवा होता. चिमुकल्या र्‍होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव बारगळला.

म्हणून १७८७ च्या घटनेने तेरांऐवजी नऊ राज्यांची संमती पुरेशी मानली. ती द्यायची विधिमंडळांनी नव्हे, त्यासाठीच निवडलेल्या सभांनी. कॉन्कर्डचं म्हणणं देशाने उचललं होतं. पण ही घटना ज्या ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होते, त्यातल्या ‘लोक’ या शब्दात गुलाम धरलेच नव्हते. प्रतिनिधींची संख्या ठरवताना मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब होता.

र्‍होड आयलंड सगळ्यात शेवटी आलं. २९ मे १७९० रोजी, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.