शेडमध्ये उभी गाडी नवीकोरी राहत नाही

“पंधरा वर्षं शेडमध्येच आहे, जेमतेम पळलीय. बॅटरी जोडा, स्टार्टर मारा, निघाली!” जुनी स्पोर्ट्स कार विकताना कोल्हापुरात हे हमखास ऐकवलं जातं. हे खरं नाही, आणि त्या एका स्टार्टरपायी चांगली इंजिनं वाया जातात.

उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरतं. आपल्या पावसाळ्याची ओल आत शिरते, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटतात. तशात स्टार्टर मारला तर रिंग तुटते, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पडतात. म्हणून आधी स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवा. बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून साफ, करणारे कसबी हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत.

टाइमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या तालावर व्हॉल्व्ह उघडझाप करवणारा पट्टा, गाडी न पळताही वयानं खराब होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं: नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० वर येते. टाकीतलं जुनं पेट्रोल तर आधी काढूनच टाका.