फोर्ट लॅरमीला तट नव्हताच

टोकदार ओंडक्यांचा तट, अजस्र दरवाजा, बाहेर वेढा घालणारे घोडेस्वार: वेस्टर्न सिनेमांनी हे चित्र पक्कं बसवलंय. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात फोर्ट लॅरमी या चिमुकल्या गावाजवळचं जुनं लष्करी ठाणं पाहायला जाणारेही तेच शोधतात. तट पडला म्हणून दिसत नाही असं नाही. लष्कराने तो बांधलाच नव्हता.

तट होता तो फर-व्यापाऱ्यांचा. १८३४ मध्ये त्यांनी लाकडी ठाणं उभारलं, १८४१ मध्ये मातीच्या विटांचं. १८४९ मध्ये लष्कराने ते ४,००० डॉलरला विकत घेतलं आणि शेजारी मोकळ्या कवायतीच्या मैदानाभोवती बराकी, कोठारं, अधिकाऱ्यांची घरं बांधली. भिस्त शिबंदीवर. १८५४ ची गाजलेली ग्रॅटन चकमकसुद्धा ठाण्यात नव्हे, काही मैलांवर लकोटा या मूलनिवासी जमातीच्या तळावर झाली. कारण काय, तर वाटसरूंची एक गाय आणि ग्रॅटन या तरुण लष्करी अधिकाऱ्याचा आगाऊपणा!

१८९० मध्ये लष्कर निघून गेलं, बऱ्याच इमारती लिलावात गेल्या. गावापासून पाचेक किलोमीटरवरच्या या जागी आज पाहावी ती १८४९ ची ‘ओल्ड बेडलॅम’, अधिकाऱ्यांची दुमजली लाकडी वास्तू.