तळपायाची आग आणि एक मीटर लांबीची पेशी

‘गोळ्या सुरू करायच्या आधी माझ्या पायांना काहीसुद्धा नव्हतं.’ नुकतीच शुगर निघालेल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य इतकं सर्रास असतं, की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘मधुमेहाच्या गोळ्यांनी नसा जळतात’ छापाच्या फॉरवर्डना वेगळा पुरावा लागतच नाही. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) १२ टक्के निघाली, गोळ्या चालू झाल्या, भात आणि गोड बंद झालं, दोन महिन्यांत आकडे झकास आले, १२ चे ७ झाले आणि नेमके त्याच सुमारास रात्री तळपाय पेटायला लागले. मग गोळी बंद.

गंमत अशी, की या माणसाचं निरीक्षण बरोबर असू शकतं. चुकतो तो निष्कर्ष. तो कसा, हे कळायला आधी पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीकडे बघावं लागेल. तिच्याबद्दल बोलायला मला तसंही कुठलंही निमित्त पुरतं.

शाळेत चेतापेशीची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. वर फांद्या फुटलेला पेशीचा मुख्य भाग आणि खाली बोटभर शेपूट, म्हणजे अक्षतंतू. ही आकृती प्रमाणात काढायची ठरवली तर वहीत मावणार नाही. अंगठ्याला काही टोचलं ही बातमी वर नेणाऱ्या पेशीचा मुख्य भाग कमरेच्या मणक्यांशेजारच्या एका छोट्या गाठीत असतो. त्याचा व्यास साधारण ०.०५ मिलिमीटर. तिथून निघालेला तंतू मांडी, पोटरी, घोटा करत अंगठ्याच्या कातडीत संपतो. ही लांबी भरते जवळजवळ एक मीटर. वहीत पेशीचा मुख्य भाग एक सेंटिमीटरचा काढला, तर शेपूट २०० मीटर लांब काढावं लागेल!

आता अडचण बघा. या तंतूला लागणारी जवळपास सगळी प्रथिनं मुख्य भागातच तयार होतात. ती एक मीटर दूर पोचवायची कशी? नुसती पसरत पसरत जाऊन ती कधीच पोचणार नाहीत. म्हणून तंतूच्या आत लांबच लांब सूक्ष्मनलिका टाकलेल्या असतात आणि कायनेसिन नावाचं प्रथिन त्यांच्यावरून माल पाठीवर घेऊन अक्षरशः चालत जातं. १९८५ साली माखळीच्या जातीच्या स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड तंतूत ते सापडलं. याचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. एक मीटर अंतराची पावलं होतात साडेबारा कोटी. एकच कायनेसिन हे सगळं अंतर तोडत नाही. वाटेत एक सुटतं, दुसरं माल उचलतं. जलद मालाचा वेग दिवसाला ४०० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे कमरेतून निघालेली पुडी अडीच दिवसांत अंगठ्याशी. पण तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो ती फार सावकाश सरकतात, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. कमरेतून आज निघालेला हा माल अंगठ्याला पोचायला हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं! तुमच्या अंगठ्यात आज वापरात असलेलं एखादं प्रथिन कमरेतून निघालं, तेव्हा कदाचित तुमची शुगर नॉर्मल होती.

कालव्याच्या शेवटाला शेत असलेल्या कुणालाही पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. धरणातून पाणी सुटलं, वर थोडी गळती झाली, दोनचार ठिकाणी गाळ साचला, तरी हेडच्या शेतांना फरक जाणवत नाही. कोरडं पडतं ते टेलचं शेत. चेतातंतूंचंही असंच. बिघाड सगळीकडे थोडा थोडा असतो, पण पुरवठा तुटतो तो सगळ्यात लांबच्या टोकाला. म्हणून मधुमेहातल्या मुंग्या दोन्ही पायांच्या बोटांपासून, एकाच वेळी, मोजे घातल्यासारख्या सुरू होतात आणि वर सरकतात. पायातला त्रास गुडघ्यापर्यंत चढत आला की मग हाताच्या बोटांची पाळी येते, कारण साधारण तेवढ्याच लांबीचे तंतू तिथे जातात. उंच माणसांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, हे पाहण्यांत दिसलं आहे. तंतूची लांबी हाच मुद्दा असेल तर दुसरं काय अपेक्षित आहे?

साखर यात बिघाड कसा करते? स्नायूंना आणि चरबीला साखर आत घ्यायला इन्शुलिनची परवानगी लागते. चेतापेशींना लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. त्यातून मणक्याशेजारच्या त्या गाठींमधल्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात. मेंदूला जे संरक्षण आहे ते या गाठींना नाही. जादा साखरेचा काही भाग अल्डोज रिडक्टेज हे विकर सॉर्बिटॉलमध्ये बदलतं, त्याचं पुढे फ्रुक्टोज होतं. या पहिल्या पायरीवर एनएडीपीएच नावाचा रेणू खर्च होतो. हाच रेणू ग्लुटाथिऑन या पेशीच्या गंजरोधकाला पुन्हा कामाला लावण्यासाठी लागतो. तो संपत आला की ऑक्सिडीकारक रेणू मोकाट सुटतात, एटीपी बनवणाऱ्या तंतुकणिका आधी बिघडतात, म्हणजे एटीपी कमी, म्हणजे कायनेसिनची साडेबारा कोटी पावलं अडखळणार. शिवाय चेतांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात ते वेगळंच. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी हरकत नाही. त्यातल्या विकराला रोखणारी औषधंही बहुतेक चाचण्यांत नापास झाली, त्यावरून एवढं कळतं की भानगड एका विकराची नाही. अपवाद म्हणजे एपालरेस्टॅट, ते जपानात आणि आपल्याकडे मिळतं.

हे सगळं शुगर ‘निघण्याच्या’ आधी कित्येक वर्षं चालू असू शकतं. टाइप २ मधुमेह दुखत नाही, म्हणून तो सापडण्याची तारीख आणि सुरू होण्याची तारीख यांचा फारसा संबंध नसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मुंग्या उंबरठ्यावरच्यांनाही येऊ शकतात. अनेकांना मधुमेह सापडतो तोच पायांच्या तक्रारीमुळे.

मग तंतू मरत असतील तर पाय नुसता बधिर व्हावा, आग कशाला? मधुमेहात पहिला मार बसतो तो बारीक, वेष्टण नसलेल्या तंतूंना. उष्णता आणि वेदना यांच्या बातम्या नेणारे हेच. त्यांच्या टोकांवर ४३ अंशांच्या वरच्या तापमानाला उघडणारं एक प्रथिन असतं. हिरव्या मिरचीतल्या कॅप्सायसिननेही तेच उघडतं, म्हणून मिरची ‘जळते’. ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. जखमी तंतू बाहेर काही घडलं नसतानाही आपणहून संदेश सोडायला लागतो आणि मेंदूला बातमीची शहानिशा करता येत नाही. आगीच्या तारेवरून आली म्हणजे आगच. त्यामुळे एकाच पायात दोन उलट गोष्टी नांदतात: टाचणी टोचलेली कळत नाही, चालताना चप्पल निसटून मागे राहिली तरी पत्ता नसतो आणि रात्री मात्र चादरीचा स्पर्श सोसत नाही. चेतांचा वेग मोजणारी नेहमीची तपासणी जाड तंतूंची असते. बारीक तंतू बिघडलेले असतानाही तिचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. ते खेळ नसतात.

आग म्हटल्यावर आपल्याकडे ‘अंगात उष्णता झाली’ हे निदान तयारच असतं आणि लगेच काशाची वाटी निघते. तुपाने तळवे घासले की ते काळे होतात आणि ती ‘बाहेर पडलेली उष्णता’ म्हणून सगळ्यांना कौतुकाने दाखवली जाते. काशात तांबं असतं. घासलेल्या धातूचे कण आणि तुपातल्या, घामातल्या आम्लांशी तांब्याची झालेली क्रिया यांचा तो रंग आहे. चोळल्यावर बरं वाटतं हे मात्र खरं. स्पर्शाच्या तंतूंतून आलेले संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला होता. वाटीचा राग नाही माझा. राग आहे तो बधिर पाय कढत पाण्यात बुडवण्याचा, त्यातून फोड येतात आणि कळतही नाही.

आता त्या बंद केलेल्या गोळीकडे. १९३३ साली कॅराव्हाटी या अमेरिकन डॉक्टरांनी, इन्शुलिन सुरू केल्यावर जळजळीच्या तीव्र वेदना सुरू झालेल्या रुग्णाची हकिकत छापली. माणसांत इन्शुलिन वापरायला लागून तेव्हा अकराच वर्षं झाली होती. या दुखण्याला नाव पडलं ‘इन्शुलिन न्यूरायटिस’ आणि दोष अर्थातच इन्शुलिनच्या माथी. पुढे हेच दुखणं नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत दिसलं आणि फक्त खाणं कडक करून साखर झपाट्याने उतरवलेल्यांतही दिसलं. म्हणजे दोष औषधाचा नव्हता, वेगाचा होता.

बॉस्टनमधल्या गिबन्स आणि फ्रीमन यांनी २०१५ मध्ये याची मोजदाद प्रसिद्ध केली. चेतांच्या तक्रारी घेऊन आलेल्या ९५४ मधुमेही रुग्णांपैकी १०४ जणांना हे साखर उतरल्यानंतरचं दुखणं होतं. तीन महिन्यांची शुगर तीन महिन्यांत २ ते ३ अंकांनी उतरली असेल तर धोका २० टक्के, ४ अंकांहून जास्त उतरली असेल तर ८० टक्क्यांवर. हे आकडे आधीच चेतांचा त्रास असलेल्या, मोठ्या दवाखान्यात पोचलेल्या रुग्णांचे आहेत. शुगर उतरलेल्या दहापैकी आठ जणांचे पाय पेटतात, असा अर्थ कृपया काढू नका. पण १२ वरून ७ ला आलेला आपला गृहस्थ ५ अंक उतरला होता, हेही लक्षात घ्या. ‘नव्वद दिवसांत मधुमेहातून मुक्ती’ विकणाऱ्या जाहिरातींत हा उतार फक्त शाबासकीसाठी दाखवतात.

असं का होतं यावर एकमत नाही. वर्षानुवर्षं जादा साखरेला सरावलेल्या तंतूंना अचानक इंधनाची टंचाई भासते, हा एक तर्क. चेतांमधला रक्तप्रवाह बदलून तिथे ऑक्सिजन कमी पडतो, हा दुसरा. या दुखण्यासोबत डोळ्यांच्या पडद्याचा विकारही वाढलेला आढळतो, म्हणून अशा वेळी पडदा तपासून घ्यायचा असतो. बहुतेकांची आग काही महिन्यांत, कधी दीड वर्षात, शुगर ताब्यात असतानाच शमते. गोळी आपल्या मनाने बंद केली तर साखर पुन्हा चढते आणि जुना बिघाड पुढे चालू राहतो. डॉक्टरांना तारखेनिशी सांगितलं, की आकडा कधी किती होता आणि आग कधी लागली, तर पुढचा उतार सावकाश ठेवता येतो आणि वेदनेला ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देता येतं. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तुलनेत या तिन्हींपैकी कशानेही सुरुवात केली तरी वेदना सारखीच उतरली. उलटा प्रकारही असतो: साखर खूप चढलेली असताना आलेल्या मुंग्या ती खाली येताच ओसरतात. त्या नशीबवानांची हकिकत कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि मधुमेह निघाला म्हणून प्रत्येक मुंगी त्याची नसते. ब-१२ कमी असलं तरी पायांना असंच होतं. शाकाहारी माणसात ते आधीच कमी असू शकतं आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने आणखी घटतं, म्हणून रक्तातली पातळी मधूनमधून बघायची असते. थायरॉइड आहे, दारू आहे, एका हाताच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतच रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात दबलेली नस आहे. एकाच पायात, किंवा कातडीवरच्या बधिर फिकट चट्ट्यासोबत बधिरपणा असेल तर कुष्ठरोगाचा विचार आधी करायला हवा. ‘नसांचं टॉनिक’ म्हणून कोर्सवर कोर्स घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की त्यातलं ब-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच चेतातंतू बिघडवतं. १९८३ पासून हे माहीत आहे.

तपासणी अगदी साधी असते. डॉक्टर तळव्याला नायलॉनचा एक धागा टेकवतात. १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटून, तो कुठे टेकला ते सांगायचं. मग अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा नादकाटा ठेवतात आणि थरथर कधी थांबली ते विचारतात. पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी मोजे काढायला कोण सांगतो?

बारीक तंतू थेट मोजायचे तर घोट्याच्या वर १० सेंटिमीटरवरून कातडीचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात. २००६ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, पायांचा त्रास असलेल्या ३२ जणांवर आहार आणि व्यायामाचा प्रयोग झाला. वर्षानंतर कातडीच्या तुकड्यांत नवे तंतू फुटलेले दिसले. मांडीत दर मिलिमीटरला सरासरी १.४ तंतू वाढले होते, घोट्याजवळ ०.३.