एकाच ओळीवर दोघांचे हात

कार्यालयीन कामासाठी सामायिक ॲप बनवायला घेतले, की पहिले काही आठवडे पडद्याची मांडणी आणि बटणे यांतच जातात. खरी परीक्षा सुरू होते ती दोन माणसे एकाच क्षणी एकाच मजकुराला हात घालतात तेव्हा. कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील व्यासपीठावरून कॅलिफोर्नियातल्याच मेन्लो पार्क या गावी बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम करून दाखवले होते.

अडचण नेमकी कोठे येते, हे एका वाक्यावरून पाहू. ‘बैठक मंगळवारी आहे’ हे वाक्य दोघांच्याही पडद्यावर आहे. पहिली व्यक्ती सुरुवातीला ‘पुढची’ हा शब्द घालते. त्याच क्षणी दुसरी व्यक्ती ‘मंगळवारी’ खोडून ‘बुधवारी’ लिहिते. दुसऱ्या व्यक्तीच्या ॲपने सर्व्हरला कळवलेले असते, की सहाव्या स्थानापासून आठ चिन्हे काढा आणि तेथे नवा शब्द ठेवा. मात्र ‘पुढची’ आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून सहा चिन्हे आधीच आत शिरलेली असल्यामुळे ‘मंगळवारी’ आता बाराव्या स्थानावर सरकलेले असते. सूचना जशीच्या तशी अमलात आणली, तर हाती येते ‘पुढचीबुधवारीगळवारी आहे’. चूक दोघांपैकी कोणाचीच नसते.

यावर १९८९ मध्ये क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज या संगणकशास्त्रज्ञांनी उपाय मांडला: आलेली सूचना लागू करण्यापूर्वी, दरम्यान घडलेल्या बदलांनुसार तिच्यातील स्थाने सरकवून घ्यायची. ऐकायला सोपी वाटणारी ही रीत बिनचूक लिहिणे इतके अवघड आहे, की तिच्या काही प्रसिद्ध आवृत्त्यांतही पुढे दोष सापडले. दुसरा मार्ग स्थाने मोजण्याचाच नाद सोडतो. प्रत्येक चिन्हाला कायमची ओळख द्यायची आणि ‘सहाव्या स्थानी’ असे न म्हणता ‘अमुक चिन्हानंतर’ असे सांगायचे, म्हणजे सूचना कोणत्याही क्रमाने पोहोचल्या तरी सर्वांकडे अखेर एकच मजकूर तयार होतो. अशा रचनांना २०११ मध्ये संगणकशास्त्रज्ञ मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीआरडीटी’ (म्हणजे अनेक ठिकाणच्या प्रती परस्परविरोधाविना जुळवणाऱ्या माहितीरचना) या नावाने सैद्धान्तिक बैठक दिली. खोडलेल्या चिन्हांच्या खुणाही बहुधा जपून ठेवाव्या लागत असल्याने येथे साठवणीचा भार वाढतो. तरीही माझे मत असे, की यांपैकी काहीही स्वतः नव्याने लिहू नये. वायजेएस किंवा ऑटोमर्ज यांसारखी तयार साधने उपलब्ध आहेत.

वरच्या उदाहरणात ‘बैठक’ या शब्दाची मी चार चिन्हे धरली, याकडे लक्ष गेले असेल. डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात, पण युनिकोड, म्हणजे संगणकावर सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, ‘बै’मधील मात्रा वेगळी मोजते. ‘स्त्री’ या एका अक्षरात तर सहा चिन्हे आहेत. म्हणून कर्सर हलवताना, अक्षरमर्यादा तपासताना किंवा लांब नाव कापून दाखवताना चिन्हे न मोजता अक्षरे मोजावीत. केवळ रोमन लिपीत चाचणी घेतलेल्या ॲपमध्ये अर्धवट तुटलेली जोडाक्षरे हमखास आढळतात.

कोणता बदल आधी झाला हे ठरवण्यासाठी उपकरणाच्या घड्याळावर विसंबण्याचा मोह टाळावा. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत वीस इतकी चूक धरली, तरी ते दिवसाला सुमारे १.७ सेकंद पुढे-मागे होते. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये सुचवलेली युक्ती येथे उपयोगी पडते: प्रत्येक यंत्राने एक आकडा बाळगायचा, प्रत्येक घटनेला तो एकाने वाढवायचा आणि दुसऱ्याकडून मोठा आकडा आला तर त्याच्याही पुढे जायचे. वेळ कळत नाही, पण कारणाआधी परिणाम नोंदला जाण्याचा घोळ टळतो.

वेगाची मर्यादा भौतिकशास्त्रानेच घातलेली आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०,००० किलोमीटरवरील सर्व्हरकडे जाऊन येण्यातच एक दशांश सेकंद जातो, आणि साधारण तेवढ्याच विलंबापर्यंत माणसाला प्रतिसाद तत्काळ वाटतो. तेव्हा टंकलेले अक्षर आधी पडद्यावर उमटवावे आणि सर्व्हरशी बोलणे मागाहून करावे. संदेश मिळाल्याची पोच वाटेत हरवली की ॲप तोच संदेश पुन्हा पाठवते. त्यामुळे प्रत्येक संदेशाला पाठवणाऱ्याच्या उपकरणावरच क्रमांक द्यावा, नाहीतर एकच सूचना दोनदा झळकते. ‘अनडू’ने मात्र फक्त स्वतःचाच बदल मागे घेतला जावा.

सामायिक साधनांचे अभ्यासक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट कोडच्या पलीकडची आहे. बैठक ठरवणाऱ्याची सोय व्हावी म्हणून सर्वांनी आपापले कॅलेंडर भरत राहायचे, अशी साधने बंद पडतात, कारण कष्ट एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा. नवी रकाना-पट्टी जोडण्यापूर्वी ती कोण भरणार आणि भरणाऱ्याला तिचा काय उपयोग, हे विचारून घ्यावे. उत्तर सापडले नाही, तर ती जोडूच नये.