सामुदायिक जतन कायदा, मॅसॅच्युसेट्स

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००० साली केलेल्या या कायद्यामुळे परवडणारी घरे, ऐतिहासिक वास्तूंचे जतन आणि मोकळ्या जागा व उद्याने या कामांसाठी तेथील शहरांना व गावांना स्वतःचा राखीव निधी उभारता येतो. कायदा आपोआप लागू होत नाही; स्थानिक मतदारांनी कौल दिला, तरच मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार बसतो. ही टक्केवारी घराच्या किमतीवर नसून कराच्या रकमेवर असते. बॉस्टनच्या मतदारांनी २००१ मध्ये फेटाळलेला हा अधिभार २०१६ मध्ये १ टक्का दराने स्वीकारला.

स्थानिक अधिभाराला राज्यही आपला हिस्सा जोडते; तो मालमत्तेच्या दस्तनोंदणीवरील जादा शुल्कातून येतो. प्रारंभी गावाने उभारलेल्या प्रत्येक डॉलरमागे राज्याचा एक डॉलर मिळत असे. पुढे कायदा स्वीकारणारी गावे वाढली आणि ही जोड घटत गेली. म्हणून २०१९ च्या अखेरीस बहुतेक दस्तांवरील शुल्क २० वरून ५० डॉलर करण्यात आले.

वार्षिक उत्पन्नापैकी किमान १० टक्के रक्कम तिन्ही कामांसाठी प्रत्येकी खर्च करावी किंवा राखून ठेवावी लागते. उरलेल्या रकमेचा कल गावाने ठरवायचा. केंब्रिज शहराने तो ठामपणे घरांकडे झुकवून ८० टक्के निधी त्यांना दिला आहे. अर्जांची छाननी ५ ते ९ सदस्यांची समिती करते. नगरसभा किंवा नगर परिषद समितीने सुचवलेली रक्कम कमी करू शकते, शिफारस फेटाळूही शकते. मात्र शिफारशीवाचून एक डॉलरही मंजूर करू शकत नाही. कायद्याची खरी मेख इथेच आहे. जुन्या नगरभवनाच्या छपराचे पुनरुज्जीवन या निधीतून होते, उद्यानातील गवत कापण्याचा नेहमीचा खर्च मात्र होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने जुन्या क्रीडांगणांच्या नूतनीकरणाला वाट मिळाली, पण कृत्रिम हिरवळीची खरेदी वर्ज्य ठरली.

सर्वांत अवघड प्रश्न ऐतिहासिक चर्चवास्तूंचा ठरला. ॲक्टन गावाने एका चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी अनुदान मंजूर केले, तेव्हा धार्मिक संस्थांना सार्वजनिक पैसा देण्यास मनाई करणाऱ्या राज्यघटनेतील तरतुदीच्या आधारे काही करदाते न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरसकट बंदी घातली नाही. अनुदानाचा हेतू, संस्थेला होणारे भरीव साहाय्य आणि धर्म व शासन यांची सरमिसळ होण्याचा धोका या कसोट्यांवर प्रत्येक प्रकरण तपासावे, असे सांगितले. धार्मिक चित्रे असलेल्या खिडक्यांचे अनुदान या कसोट्यांवर अडले, तर त्याच चर्चच्या वास्तूंच्या जतन-आराखड्यासाठी दिलेल्या दुसऱ्या अनुदानाचे प्रकरण पुढील चौकशीसाठी खालच्या न्यायालयाकडे परत गेले.