बोटुकली मोठी होईपर्यंत

पाणथळीतली मासळी घटली की एक उपाय हमखास पुढे येतो. बांध घाला, तळी पाडा, मत्स्यबीज सोडा, लहान मच्छीमारांचे भले होईल. उपाय वाईट नाही, पण क्रम चुकतो. पाणथळीत मासा मुळात येतो कुठून हे न पाहता घातलेला बांध पुष्कळदा त्याच्या येण्याची वाटच बंद करतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला नदी काठ सोडून पसरू लागली की अंड्यांवर आलेले मासे उथळ पाण्याकडे धाव घेतात. चढणीचे मासे म्हणतो ते हेच. नुकतेच बुडालेले गवत कुजू लागते, त्यावर जिवाणू पोसतात, पोषकद्रव्ये पाण्यात उतरतात आणि थोड्याच दिवसांत प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, रेलचेल होते. अंड्यातून बाहेर पडलेल्या, जेमतेम दिसणाऱ्या पिल्लांचे पहिले अन्न हेच. शिवाय गवतात लपायला भरपूर जागा. पाणी ओसरू लागले की ही पिल्ले नदीत किंवा खोल डोहात परततात. वोल्फगांग युंक, पीटर बेली आणि रिचर्ड स्पार्क्स यांनी १९८९ साली हीच गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली: पूरमैदान असलेल्या नद्यांतले मत्स्योत्पादन पाण्याच्या या वार्षिक चढउतारावर उभे असते. पूर किती पसरला, किती दिवस टिकला आणि वेळेवर आला का, यावर पुढची मासळी ठरते. कंबोडियातल्या तोनले साप सरोवरात पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी दोघांना जोडणाऱ्या नदीची दिशा उलटवून शिरते आणि सरोवर कोरड्या दिवसांच्या कितीतरी पट पसरते. जगातल्या सर्वांत समृद्ध गोड्या पाण्याच्या मासेमारीत त्याची गणना होते, ती काही तिथे कोणी बीज सोडले म्हणून नव्हे.

ओडिशाच्या चिलिका सरोवराचा अनुभवही असाच बोलका आहे. गाळामुळे सरोवराचा समुद्राशी असलेला संपर्क आक्रसला, पाण्याचा खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी घसरली. १९९३ साली हे सरोवर रामसर कराराच्या, म्हणजे पाणथळी जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदले. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत मासळी अनेक पटींनी वाढली आणि २००२ साली चिलिका त्या यादीतून बाहेर आले.

म्हणजे वाट मोकळी करणे हे पहिले काम. मग मत्स्यशेतीची गरज कुठे उरते? उरते, कारण बऱ्याच ठिकाणी वर धरण आहे, मध्ये रस्ता आहे, आणि नदीशी तुटलेले नाते पुन्हा जोडणे आता शक्य नाही. अशा पाणथळीत अन्न असते, जागा असते, फक्त पिल्ले पोचत नाहीत. तिथे बाहेरून बीज आणून सोडणे रास्तच आहे. अडचण आकाराची असते. दोन-अडीच सेंटिमीटरचे बारीक बीज थेट सोडले तर मरळ आणि त्याच्यासारखे शिकारी मासे ते फस्त करतात. दहा सेंटिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढे पिल्लू, झाली की तिच्या जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. पण एवढी मोठी बोटुकली दुरून आणायची तर वाहतुकीत मरतूक होते आणि खर्चही परवडत नाही.

यावर आसामच्या बीलांमध्ये, म्हणजे नदीकाठच्या सरोवरांमध्ये, वापरली जाणारी युक्ती मला सगळ्यांत पटते. पाणथळीच्या उथळ कडेला एक कुंपण उभारतात. बांबूच्या कामट्यांची चटई किंवा बारीक आसाचे (भोकांचे) जाळे, खालची कड चिखलात खोल गाडलेली, वरची कड पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्याही वर. आत आधी वारंवार जाळे ओढून शिकारी मासे काढून टाकतात, मग बारीक बीज सोडतात. कोंडा आणि पेंड थोडी थोडी देतात. दोन-तीन महिन्यांत बोटुकली तयार होते आणि ती बाहेरच्या खुल्या पाण्यात सोडून देतात. पुढचे खाणे तिचे तिने शोधायचे. कायमचा बांध नाही, तळे खोदणे नाही, काम संपले की कुंपण काढून घेता येते.

ऐकायला सोपे, सांभाळायला नाही. जाळ्याच्या आसांवर शेवाळ धरते आणि पाण्याची ये-जा थांबते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करते खरे, पण रात्री तेही आणि मासेही तो वापरत राहतात, म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅम असला तर काळजी नाही. दोन-तीनपर्यंत उतरला की मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून हवा गिळताना दिसतात. ही खूण पहाटेच दिसते, त्यामुळे उशिरा उठणाऱ्याला ती कळतच नाही. उपाय साधेच: जाळे घासणे, खाद्य बंद ठेवणे, आतली गर्दी कमी करणे. जवळपास जलपर्णी माजली असेल तर तीही हटवावी लागते, कारण तिच्याखाली उजेड पोचत नाही.

बीज कोणते, हाही प्रश्न आहेच. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहू-कटलासारख्या भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि नदीतून बीज गोळा करण्याची सक्ती संपली. १० जुलै हा भारतात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. मात्र बीजकेंद्रात कटला-रोहूचा संकर झाला, किंवा त्याच त्या नरमाद्या वर्षानुवर्षे वापरल्या, तर निकृष्ट बीज खुल्या पाण्यात जाते आणि मूळ वाणात मिसळते. परक्या जातींचा धोका त्याहून मोठा. भारतात बंदी असलेला आफ्रिकी मांगूर पुरात तळ्यातून निसटला की समोर येईल ते खातो, आणि त्याला परत गोळा करण्याची सोय नाही.

मत्स्यशेती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किलो-दीड किलोचा मासा येतो. पाणथळीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या ताटात मात्र बोटाएवढे मासे असतात, डोक्याकाट्यांसकट खाल्ले जाणारे. बांगलादेशात मोला नावाच्या अशा एका माशावर पोषणतज्ज्ञ शकुंतला थिल्स्टेड यांनी काम केले. या माशात अ जीवनसत्त्व भरपूर असते, विशेषतः डोळ्यांत आणि पोटातल्या अवयवांत. पूर्वी तळ्यात कार्प सोडण्याआधी असे ‘निरुपयोगी’ मासे औषध घालून मारून टाकत. थिल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटे सुचवले: कार्पबरोबर मोलाही राहू द्या. तो तळ्यातच प्रजनन करतो, त्याला दरवर्षी विकत आणावे लागत नाही. कार्प बाजारात विकायचा, मोला घरात खायचा. २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार थिल्स्टेड यांना मिळाला.

याच्या अगदी उलट टोकाचा हिशेब कंबोडियात दिसला. तिथे पाळला जाणारा मरळ मांसाहारी, आणि त्याला खाद्य म्हणून तोनले सापमधलेच बारीक मासे पकडून घालत. एक किलो मरळ वाढवायला कित्येक किलो जंगली मासळी. उत्पादनाचा आकडा वाढताना दिसत होता आणि गरिबाच्या ताटातली मासळी तळ्यात जात होती. सरकारने या शेतीवर बंदी घातली. गोळीखाद्यावर वाढणारा मरळ तयार झाल्यावर २०१६ साली ती उठवली गेली. प्लवक, शेवाळ, गाळातला सेंद्रिय कचरा यांवर वाढणारे मासे अशा ठिकाणी का निवडावेत, ते यावरून कळावे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत तर शहराच्या सांडपाण्यावरच हे चक्र चालते. उथळ भेड्यांमध्ये, म्हणजे तिथल्या मासळीच्या तळ्यांमध्ये, ऊन लागून शेवाळ वाढते, जिवाणू मैला मोडतात, मासे प्लवक खातात. सुमारे १२,५०० हेक्टरचा हा परिसर २००२ साली रामसर स्थळ झाला. अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी तो जगासमोर आणला, एरवी त्यावर इमारतीच उभ्या राहिल्या असत्या.

आता सर्वांत अवघड गाठ. सोडलेली बोटुकली कोणाची? बीजाचा खर्च एका गटाने केला की तो म्हणतो, मासा मोठा होईपर्यंत इथे कोणी जाळे टाकायचे नाही. कागदावर हे रास्त. पण रोज पाग टाकून, गळ लावून पोट भरणाऱ्याला ते चार-सहा महिने उपासाचे. टोपलीने किंवा हाताने मासे वेचणाऱ्या बायकांना तर कोणी विचारतही नाही. त्यातून निघणारी वाट आहे ती अवजारे वेगवेगळी करण्याची: लांब ओढजाळ्यांना बंदी, पण ज्यात कार्प अडकत नाही असे बारीक सापळे आणि छोटे गळ चालू. खोल डोहातला एक तुकडा बारमाही बंद ठेवावा हेही खरे, कारण उन्हाळ्यात तिथे तगलेल्या मोजक्या नरमाद्यांपासून पुढच्या पावसाळ्यात पाणथळ भरते. बांगलादेशातल्या हाइल हाओर या पाणथळीत बैक्का बील हा भाग २००३ पासून असाच राखीव आहे.

आणि ठेक्याची मुदत. जलाशय एका वर्षासाठी लिलावात गेला तर ठेकेदार शेवटी पंप लावून तळापर्यंत पाणी उपसतो, कारण मागे उरलेला मासा पुढच्या ठेकेदाराचा. हाच जलाशय मच्छीमारांच्या संस्थेला दहा वर्षांसाठी दिला, तर उरलेला मासा त्यांचाच असतो.